सतीसराच्या तळावरून

बनिहालचा बोगदा ओलांडून काश्मीरच्या खोऱ्यात उतरणाऱ्या प्रवाशाची दृष्टी साहजिकच प्रथम क्षितिजावरच्या हिमशिखरांकडे जाते, आणि त्या शिखरांचे स्तवन करण्यात आपल्याकडच्या काश्मीर-वर्णनांची कित्येक पृष्ठे खर्ची पडलेली आहेत. मला मात्र शिखरांपेक्षा त्यांच्यामधल्या सपाटीचे नवल अधिक वाटते. हिमालयात उंचीला तोटा नाही, तोटा आहे तो सपाट जमिनीचा. अलकनंदा घ्या, सतलज घ्या, नाही तर पीरपंजालच्या अलीकडची चिनाब घ्या. प्रत्येकीने डोंगर कापून इतकी अरुंद घळ केली आहे की काठावरच्या शेतकऱ्याला उतारावर बांध घालघालून, पायऱ्या पाडूनच पोटापुरते पिकवावे लागते. अशा या पर्वतराजीत समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर, आग्नेयीकडून वायव्येकडे जवळजवळ १३५ किलोमीटर लांब आणि तीस-चाळीस किलोमीटर रुंद असा भातखाचरांचा सलग प्रदेश आढळावा, हे कारणावाचून घडण्यासारखे नाही. ते कारण म्हणजे एक प्राचीन सरोवर होय. आणि वेरीनागपासून बारामुल्लापर्यंत झेलमच्या काठाकाठाने जाणाऱ्या माणसाला त्या सरोवराचा तळ, त्याचे काठ, त्यात नद्यांनी आणून टाकलेला गाळ आणि शेवटी त्याचे पाणी ज्या वाटेने निघून गेले ती वाट, हे सारे क्रमाने पाहता येते.

भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वी पीरपंजालची रांग वर उचलली जाऊ लागली आणि नैर्ऋत्येकडे वाहून जाणाऱ्या नद्यांची वाट तिने अडवली. एका बाजूस मूळ हिमालय आणि दुसऱ्या बाजूस ही नवी भिंत, अशा द्रोणीत पाणी तुंबले. दोन्हीकडच्या उतारांवरून नद्या दगडगोटे, वाळू आणि माती आणून त्यात टाकीत राहिल्या, तळ हळूहळू खचत राहिला, आणि जितका तो खचला तितका गाळ त्यावर चढत गेला. म्हणून सरोवर स्वतः फारसे खोल नसतानाही गाळाची एकंदर जाडी काही ठिकाणी हजार मीटरांहून अधिक भरते. पीरपंजालचे उचलणे मात्र थांबले नाही. त्याच्या अंगावरचा जुना गाळ तिरपा होऊन वर वर गेला आणि सरोवर त्या बाजूने ढकलले जाऊन ईशान्येकडे, मूळ हिमालयाच्या पायथ्याकडे सरकले. आजही झेलम खोऱ्याच्या मध्यातून वाहत नाही. ती ईशान्येच्या डोंगरांना लगटून वाहते. पुढे बारामुल्लाच्या बाजूस फट पडली, पाणी ओसरले, उघड्या पडलेल्या गाळात नद्यांनी आपापली पात्रे कोरली, आणि त्या पात्रांच्या दरम्यान जी सपाट माथ्याची उंच पठारे उरली त्यांना करेवा असे नाव आहे. गावकरी त्यांना वुडर म्हणतात.

या सरोवराची कथा भूशास्त्राच्या पुष्कळ आधी नीलमतपुराणात आली आहे. सतीसर नावाच्या विशाल जलाशयात जलोद्भव राक्षस राहत होता आणि पाण्याबाहेर आल्याशिवाय त्याचा वध होणार नव्हता. तेव्हा कश्यप ऋषीच्या विनंतीवरून देव जमले, विष्णूच्या आज्ञेने अनंताने आपल्या नांगराने पर्वत फोडला आणि सरोवर रिकामे झाले. सरोवर ओसरले त्याला लाखभर वर्षे लोटली असावीत आणि इतकी दीर्घ स्मृती कोणत्याही समाजात टिकणे संभवत नाही. माझी अशी समजूत आहे की जुन्या काश्मिरींनी आपली भूमी डोळसपणे पाहिली, कड्यांतले थर पाहिले, बारामुल्लाची खिंड पाहिली, आणि निष्कर्ष काढून तो आपल्या काळच्या भाषेत सांगितला. तो मुळात बरोबर निघाला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

वेरीनागला झेलमचा उगम मानतात. जहांगीर बादशहाने बांधवलेल्या अष्टकोनी कुंडातले निळे-हिरवे पाणी इतके स्थिर असते की ही नदीची सुरुवात आहे यावर सहसा विश्वास बसत नाही. खरे बळ तिला मिळते ते अनंतनागजवळ, जेथे सांद्रन, ब्रिंगी आणि अरपथ यांचे प्रवाह एकत्र येतात आणि थोड्याच अंतरावर लिद्दर येऊन मिळते. या लिद्दरचे चरित्र निराळे आहे. कोलहोईच्या हिमनदीकडून एक आणि शेषनागाकडून दुसरा असे तिचे दोन ओघ पहलगामला मिळतात, आणि त्या वरच्या भागात दरीचा तळ रुंद नि काठ उभे दिसतात. कारण ती दरी प्रथम बर्फाने खरवडली आणि बर्फ मागे हटल्यावर ती नदीच्या ताब्यात आली. बर्फ आपल्या ओझ्याची निवड करीत नाही. घराएवढी शिळा आणि पिठाएवढी माती एकाच ढिगात टाकून देते. नदी मात्र निवडते. पहलगामच्या पात्रात हत्तीच्या पाठीसारखे धोंडे पडलेले आहेत, ऐशमुकामच्या खाली ते डोक्याएवढे होतात, खोऱ्यात शिरताच उतार मोडून लिद्दरला अनेक फाटे फुटतात आणि तिथे नुसती गोटी नि वाळू उरते, आणि झेलमपर्यंत पोहोचते ती केवळ चिकण गाळमाती. आपल्याकडे नदीकाठच्या मळईचे मोल कोणाही कुणब्याला सांगावे लागत नाही; काश्मीरचे सगळे भातक्षेत्र ही अशीच, पण पर्वतांच्या मोजमापाने घातलेली मळई आहे.

मट्टणच्या पठारावर चढून गेले की हा सारा पसारा एका दृष्टिक्षेपात येतो. आठव्या शतकात ललितादित्याने मार्तंडाचे सूर्यमंदिर या करेव्याच्या माथ्यावर उभारले. त्याच्या भग्न ओवऱ्यांतून खाली पाहिले असता लिद्दरचे फाटे, त्यांच्या कडेने उभ्या पॉप्लरच्या रांगा आणि मधली खाचरे अशी मांडलेली दिसतात की नदी कोठे संपते आणि शेत कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. पठारावर मात्र पाण्याचा टिपूस नाही. करेवा आणि खालची मळई यांतला हा भेद काश्मीरच्या सर्व शेतीचा, आणि म्हणून पूर्वीच्या सर्व जमाबंदीचा, पाया आहे: खाली पाटाच्या पाण्यावर भात, वर पावसाच्या आणि बर्फाच्या भरवशावर बदाम, मोहरी, आणि काही भाग्यवान पठारांवर केशर. कल्हणाने राजतरंगिणीत सांगितले आहे की याच ललितादित्याने चक्रधर येथे रहाटांच्या मालिकेने वितस्तेचे, म्हणजे झेलमचे, पाणी वर चढवून गावांना वाटून दिले. आणखी एक कथा त्याने दिली आहे ती दामोदर राजाची. या राजाला आपल्या पठारावर पाणी आणायचे होते, त्यासाठी त्याने सेतूही बांधविला. परंतु भुकेल्या ब्राह्मणांना स्नानापूर्वी अन्न देण्याचे नाकारल्यामुळे त्याला सर्पयोनीचा शाप मिळाला, आणि तो त्या कोरड्या पठारावर तहानेने पाणी शोधीत भटकतो असे लोक मानीत. ते दामोदर-वुडर आजही त्याच नावाने ओळखले जाते आणि श्रीनगरचा विमानतळ त्याच्यावरच आहे. विमानाने काश्मीरला पोहोचणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाचे पहिले पाऊल अशा रीतीने त्या जुन्या सरोवराच्या गाळावर पडते, आणि बहुधा कोणाला त्याची खबर नसते.

अनंतनागच्या पुढे झेलम मंदावते. खनबलपासून बारामुल्लापर्यंत मोटारीची सडक होण्यापूर्वी सर्व मालवाहतूक होड्यांनी चाले, यावरून तिचा उतार किती अल्प आहे हे ध्यानी यावे. बीजबेहाराहून अवंतीपूरकडे येताना ती इतकी वळणे घेते की एकच चिनारांची राई कधी उजव्या हाताला तर कधी डाव्या हाताला दिसते. अवंतीपूरची देवळे नवव्या शतकातल्या अवंतिवर्म्याची. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दयाराम सहानी यांनी उत्खनन करीपर्यंत त्यांची प्रांगणे गाळमातीत गडप झालेली होती आणि शिल्पित स्तंभांचे केवळ काही अवशेष वर दिसत होते. ज्या राजाच्या कारकिर्दीत झेलमला वळण लावण्याचे सर्वांत मोठे काम झाले, त्याच्याच देवालयावर हजार वर्षांत गाळाचा एवढा थर बसावा यावरून या खोऱ्यात भूमी घडण्याचे काम अजून चालू आहे हे स्पष्ट होते.

पांपूरच्या करेव्यावर मी अधिक रेंगाळलो, आणि वाचकांनाही तेथे थोडे थांबवू इच्छितो. पठाराची कड जेथे उभी तुटलेली आहे तेथे सरोवराचा सारा दस्तऐवज उघडा पडला आहे. सर्वांत खाली निळसर-करडी चिकणमाती; तिचा तुकडा हातात घेऊन नखाने उकलला की कागदासारखे पापुद्रे सुटतात, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे निश्चल पाण्यात सावकाश बसलेला गाळ. मध्येच हातभर जाडीचा बारीक वाळूचा पट्टा येतो, त्यात तिरप्या रेघा असतात. तेथे कोणत्या तरी नदीचे मुख सरकत सरकत सरोवरात घुसले होते. त्यावर पुन्हा चिकणमाती. अगदी माथ्याला मात्र पिवळट, पिठूळ, थर नसलेली माती आहे, आणि ती पाण्याने आणलेली नाही. सरोवर ओसरल्यावर थंड, कोरड्या युगांत वाऱ्याने उडवून आणलेली ती धूळ आहे. तिच्यात अधूनमधून तांबूस-तपकिरी पट्टे दिसतात. हवा उबदार झाली, गवत-झाडोरा माजला आणि जमीन मुरली, त्या त्या काळाच्या त्या खुणा. ही माती उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते आणि चिमटीत धरली तर पिठासारखी सुटते.

या पिठूळ मातीतच केशर होते. शेताचे लहान चौरस वाफे केलेले असतात, प्रत्येकाचा माथा किंचित उंच आणि चारही बाजूंनी चर काढलेला, जेणेकरून पाणी क्षणभरही साचू नये. कारण केशराच्या गड्ड्याला ओल हवी पण पाणी उभे राहिलेले मुळीच खपत नाही. एका वृद्ध शेतकऱ्याने वाफा उकरून मला गड्डा दाखवला आणि म्हणाला, “जनाब, खालच्या भातखाचरात हा आठ दिवसांत सडेल. याला ही वरचीच माती पाहिजे.” ऑक्टोबरच्या अखेरीस पाने नीट फुटण्यापूर्वीच जांभळी फुले वर येतात, आणि प्रत्येक फुलातल्या तीन तांबड्या तंतूंसाठी सारे घर पहाटेपासून वाकलेले असते. याच पांपूरजवळ गलंदर येथे २००० साली प्राचीन हत्तीची भलीमोठी कवटी आणि तिच्याबरोबर माणसाने घडवलेली दगडी हत्यारे मिळाली. आज जेथे केशर वेचले जाते तेथे, पाणथळ काठावर, हत्ती वावरत होते आणि माणूसही होता.

अशा भूमीची जी वाताहत अलीकडे चालली आहे ती पाहून जीव कळवळतो. काझीगुंड ते बारामुल्ला रेल्वेचा भराव घालण्यासाठी, वीटभट्ट्यांसाठी आणि घरांच्या जोत्यांसाठी करेव्यांच्या कडा यंत्रांनी कापून नेल्या गेल्या. मातीला मोल फक्त तिच्या वजनाचे, अशीच जणू सरकारदप्तरी समजूत आहे. डोंगर तुटला तर त्याचा आकार तरी लोकांच्या नजरेत भरतो. करेवा दिसायला नुसते मातीचे टेकाड, म्हणून त्याची कोणी दाद घेत नाही. पण त्याचा जो थर एकदा ट्रकमध्ये भरला गेला, तो पुन्हा बसवायला सरोवर नाही आणि ती युगेही नाहीत. रेल्वे नको असे मी म्हणत नाही. परंतु कोणता कडा अभ्यासासाठी राखावा, कोणते पठार पिकासाठी राखावे आणि माती कोठून घ्यावी, याचा बंदोबस्त आधी करता येण्यासारखा होता, आणि अजूनही आहे.

श्रीनगरात शंकराचार्यांच्या टेकडीवर चढणाऱ्या मराठी माणसाने पायाखालचा काळसर खडक अवश्य पाहावा. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कातळाचा सगोत्र. पण सह्याद्रीचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, तर याचे एकोणतीस कोटींच्या घरात. सरोवर होते तेव्हा अशा टेकड्या त्याच्या पाण्यातून बेटांसारख्या वर आल्या असाव्यात. डलच्या ईशान्येस बुर्झहोमच्या करेव्यावर नवाश्मयुगीन माणसांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी त्याच वाऱ्याने आणलेल्या मातीत खड्डे खोदून घरे केली. तोंड अरुंद, तळ रुंद, आत लिंपलेल्या भिंती आणि चुलीची राख. माती उभी कापली असता ढासळत नाही हा गुण त्यांना ठाऊक होता, आणि हाडांचे गळ व भाले घेऊन खालच्या पाणथळीत मासे मारायला उतरणे सोपे पडेल अशी जागा त्यांनी हेरली होती. पुराच्या वर आणि पाण्याच्या जवळ, हा जागा निवडण्याचा नियम त्यांच्यापासून ललितादित्यापर्यंत पाळला गेलेला दिसतो. तो मोडला तो गेल्या शे-दीडशे वर्षांत. वॉल्टर लॉरेन्स हे जमाबंदीच्या कामावर काश्मीर दरबारात असताना १८९३ चा पूर आला, नंतर १९०३ चा आला, आणि त्यानंतर शहराच्या वरच्या अंगाला पादशाही बागेपाशी जादा पाणी वळवून नेणारा कालवा खोदला गेला. ज्या होकरसर आणि तत्सम दलदलींत हे पाणी विसावे, त्यांच्यावर पुढे वस्त्या चढल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमने श्रीनगरचा मोठा भाग दुसऱ्या मजल्यापर्यंत बुडवला, तेव्हा त्या पाण्याने वहिवाटीतली आपली जुनी जागाच परत घेतली होती.

श्रीनगरच्या खाली शादीपूरला सिंध नदी झेलमला मिळते. ही काश्मीरची सिंध, लडाखातून येणारी महानदी नव्हे. हा संगम आज जेथे आहे तेथे तो निसर्गाने ठेवलेला नाही. अवंतिवर्म्याच्या काळी, म्हणजे ८५५ ते ८८३ च्या दरम्यान, पुरांनी खोरे पाणथळ होऊन दुष्काळ पडला असता सुय्य नावाच्या एका माणसाने पाण्याला वाट करून देण्याचे काम अंगावर घेतले. त्याचे आईबाप अज्ञात. मातीच्या मडक्यात टाकून दिलेले हे मूल एका चांडाळ स्त्रीने उचलून वाढविले. बारामुल्लाच्या बाजूस दरडी कोसळून पात्र धोंड्यांनी बुजले होते. सुय्याने राजकोशातून नाण्यांची मडकी घेतली आणि भर पाण्यात ओतली. दरबारी लोकांनी त्याला वेडा ठरविले. पण उपाशी लोक नाणी शोधण्यासाठी पात्रात उतरले, धोंडे उचलून काठावर टाकू लागले आणि वाट मोकळी झाली. पुढे त्याने दगडी बांध घालून वितस्ता सात दिवस अडवली, तळ साफ केला, काठांना दगडी भिंती घातल्या आणि बांध फोडला. संगमाची जागा त्याने हलविली, पाणथळ जमिनीभोवती गोल बांध घालून तेथे गावे वसविली, आणि दोनशे दिन्नारांना मिळणारी खारीभर साळ छत्तीस दिन्नारांवर आणली. संशोधक ऑरेल स्टाइन यांनी राजतरंगिणीच्या आधारे प्रत्यक्ष जागेवर फिरून जुन्या पात्राचा मागोवा घेतला, तेव्हा कल्हणाचे वर्णन भूमीशी जुळले. भारताच्या इतिहासात इतक्या सूक्ष्म तपशिलाने नोंदला गेलेला स्थापत्यविशारद मला दुसरा आठवत नाही.

शादीपूरच्या पुढे झेलम वुलर सरोवरात शिरते. वुलर म्हणजे त्या आद्य सरोवराचा आजचा वारस. हिमवितळीच्या आणि पुराच्या दिवसांत ते पसरते, थंडीत आकसते, आणि नदी आपला गाळ त्यात टाकून मुखाशी नवी जमीन घालीत जाते. चाळीस लाख वर्षे जे काम सर्व खोऱ्यात चालले तेच येथे डोळ्यांदेखत चाललेले आहे. बांदीपूरच्या बाजूस माणसे सपाट होड्यांतून लांब दांड्याच्या जाळीने तळ खरवडून शिंगाडे काढताना दिसतात. ते वाळवून, दळून त्यांच्या पिठावर कित्येक घरांचा हिवाळा निघतो. याच शिंगाड्याची अश्मीभूत फळे पीरपंजालच्या उतारावर, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, करेव्याच्या तिरप्या झालेल्या थरांत मिळालेली आहेत. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी १९३६ साली त्याचा अर्थ स्पष्ट केला: शिंगाडा उथळ, संथ पाण्यावाचून वाढत नाही, तेव्हा आज जेथे वर्षातले कित्येक महिने बर्फ असते तो उतार एकेकाळी सरोवराचा तळ होता, आणि तेव्हापासून पर्वत हजारो फूट उचलला गेला. त्याच थरांत ओक वृक्षाची पानेही सापडतात. खोऱ्यात आज ओक नाही, कारण पीरपंजाल उंच होत गेला तसा त्याने नैर्ऋत्य मोसमी वारा अडवला आणि काश्मीरचे हवामानच पालटले. पर्वताने आधी नद्या अडवून सरोवर केले आणि मग ढग अडवून अरण्य बदलले.

वुलरमधून बाहेर पडलेली झेलम सोपोरवरून, म्हणजे सुय्याच्या नावाने वसलेल्या सुय्यपुरावरून, बारामुल्लाला येते. येथे दोन्हीकडचे डोंगर एकाएकी जवळ येतात, आणि आतापर्यंत होडी वाहून नेण्यासही आळसावलेली नदी घोंगावत खाली धावू लागते. उरीपर्यंतच्या तिच्या या घसरणीवर मोहूराचे आणि पुढे उरीचे वीजगृह उभे राहिले. औरंगजेबाच्या स्वारीबरोबर आलेल्या बर्निये या फ्रेंच वैद्याने १६६५ च्या सुमारास ही सरोवराची कथा ऐकून घेतली होती. एवढा डोंगर मनुष्याने फोडला असेल हे त्याला पटले नाही. भूकंपाने तो खचला असावा असा त्याचा तर्क. या पट्ट्यात १८८५ साली झालेला भूकंप आणि २००५ चा मुजफ्फराबादचा संहार पाहता त्याच्या तर्काची अवहेलना करता येणार नाही. पण भूकंपाने फट पाडली असली तरी ती रुंद आणि खोल करण्याचे काम नदीने केले, आणि ते ती आजही करीत आहे. बारामुल्लाच्या पुलावर उभे राहून पाहिले की दोन्ही वेग एकाच नजरेत येतात: वरच्या अंगाला सरोवरासारखे पसरलेले, हिरवट, स्वस्थ पाणी, आणि खालच्या अंगाला धोंड्यांवर फुटून पांढरे झालेले. या दोहोंमधला जो उंबरठा आहे त्याच्या उंचीवर वुलरचे पाणी किती चढावे, सोपोरची खाचरे किती बुडावीत आणि श्रीनगरचा पूर किती दिवस रेंगाळावा हे अवलंबून आहे. म्हणून सुय्याने ज्या ठिकाणी हात घातला त्याच ठिकाणी विसाव्या शतकात गाळ काढण्याची यंत्रे आणून उभी करावी लागली, आणि ते काम जेव्हा जेव्हा ढिले पडले तेव्हा तेव्हा सतीसराचे पाणी पुन्हा खोऱ्यात चढू लागले.